किती गुणाकार?

(सरांच्या स्मरणार्थ भरणाऱ्या व्याख्यानमालेतील व्याख्यान, छपाईसाठी किंचित संपादित)



सरांच्या पेपरात उत्तर बरोबर आलं तरी दहापैकी सहाच मार्क पडायचे. उरलेले चार कुठे गेले म्हणून पेपर उलटून पाहावा, तर समासात लाल शाईत दोन शब्द असायचे : ‘किती गुणाकार?’ पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाच्या आम्हा पोरांना हा निव्वळ छळ वाटायचा. उत्तर आलंय ना? मग ते पाच गुणाकारांत आलं की पन्नास, याच्याशी सरांना काय करायचंय? पण सरांची सगळी उमेदीची वर्षं लॉगच्या टेबलांवर गेलेली. एक गुणाकार म्हणजे तीनदा टेबलात बोट फिरवणं आणि एक बेरीज, हे त्यांच्या बोटांनाच ठाऊक होतं. आम्हाला कॅल्क्युलेटरने बिघडवलं होतं.

पुढची तीस वर्षं मी मोबाइलच्या आणि टॉवरच्या रिसीव्हरमध्ये बसणारे अल्गोरिदम लिहिण्यात घालवली. तिथे रोज तोच प्रश्न समोर यायचा. फरक एवढाच की तो लाल शाईत नसे. तापलेली चिप तो विचारायची.

संयोजकांनी पत्रिकेवर छापलेला विषय लांबलचक आहे : ‘डिजिटल बिनतारी संदेशवहनाची कामगिरी सुधारणाऱ्या, कमी आकडेमोडीच्या संकेतप्रक्रिया’. इतका लांब मथळा सरांनी खपवून घेतला नसता. मी त्यांचेच दोन शब्द घेऊन निघतो.

खंडाळ्याच्या घाटापासून सुरुवात करू. मोबाइल नवे होते तेव्हा मुंबईच्या गाडीने लोणावळा सोडलं की फोनवरचं बोलणं तुटायला लागायचं. बोगद्यात तुटणारच, ते सोडा. पण बोगदा संपला, मोकळं आकाश दिसलं, समोर टॉवर दिसला, रेंजच्या काड्याही भरलेल्या असल्या, तरी पलीकडचा आवाज मधूनच खरखरायचा. याचं कारण आपल्याला लहानपणापासून माहीत आहे, कारण सहलीला गेल्यावर आपण तिथेच उभं राहून दरीत आपलं नाव ओरडलेलो असतो. प्रतिध्वनी. रेडिओलहर टॉवरकडून थेट येते आणि समोरच्या डोंगरावर आपटूनही येते. लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. आपल्याकडे आलेल्या पहिल्या डिजिटल मोबाइलमध्ये, म्हणजे जीएसएममध्ये, एका बिटाला ३.६९ मायक्रोसेकंद मिळतात. तेवढ्यात लहर १.१ किलोमीटर जाते. डोंगरावरून आलेली लहर चार किलोमीटर जास्त फिरून आली, तर ती साडेतीन बिट उशिरा पोचते. म्हणजे आताचा बिट कानात पडत असताना साडेतीन बिटांपूर्वीचा बिटही त्याच्यावर येऊन बसतो. जीएसएम घडवणाऱ्या युरोपातल्या इंजिनिअरांनी ही अडचण ओळखून चाचणीसाठी एक ठरावीक परिस्थितीच लिहून ठेवली होती : डोंगराळ प्रदेश, वेग ताशी १०० किलोमीटर. आपल्या घाटात गाडी इतकी पळत नाही. डोंगर मात्र तोच.

आता रिसीव्हरला दोन कामं आहेत. प्रतिध्वनी कुठून, किती जोराने येतायत हे ओळखायचं. आणि ते ओळखल्यावर मूळ बिट सोडवून काढायचे.

पहिल्या कामासाठी प्रत्येक १४८ बिटांच्या तुकड्यात २६ बिट आधीच ठरलेले असतात. ते दोन्ही बाजूंना माहीत. हे २६ बिट तुकड्याच्या सुरुवातीला न ठेवता मधोमध ठेवले आहेत, कारण गाडी चालू आहे, परिस्थिती क्षणाक्षणाला बदलते. मधोमध ठेवलं की सगळ्यात लांबचा बिटही फार लांब राहत नाही. ओळखीचे बिट पाठवायचे, काय ऐकू आलं ते पाहायचं आणि त्यावरून समीकरणं मांडून प्रतिध्वनी काढायचे. सरळ रीतीने केलं तर समीकरणांचा आख्खा संच सोडवावा लागतो. पण हे २६ बिट असे निवडले आहेत, की त्यांतले मधले १६ बिट त्या सगळ्या ओळीवरून पाच घरं इकडे, पाच घरं तिकडे सरकवत नेले, तर नेमक्या जागी जोरदार जुळतात आणि बाकीच्या प्रत्येक जागी बेरीज शून्य येते. त्यामुळे समीकरणांतली सगळी गुंतागुंत आपोआप गळून पडते. बिट म्हणजे अधिक एक किंवा उणे एक, म्हणून जुळवून बघण्यासाठी फक्त बेरजा आणि वजाबाक्या लागतात. किती गुणाकार? एकही नाही. सरांनी इथे दहापैकी दहा दिले असते. सोडवणाऱ्याला मात्र नाही, प्रश्न काढणाऱ्याला. सोडवायला सोपं जावं म्हणून ज्यांनी आधीच संदेशात रचना पेरून ठेवली, त्यांचं हे श्रेय.

दुसरं काम अवघड दिसतं. तुकड्यात ११४ बिट कामाचे. त्यांचे संभाव्य क्रम दोनाचा ११४वा घात. जगातले सगळे संगणक लावले तरी ते मोजून होणार नाहीत. इथे अँड्र्यू व्हिटर्बी यांनी १९६७ साली मांडलेली रीत कामाला येते. व्हिटर्बींना त्या वेळी कोडच्या चुकांची मर्यादा सिद्ध करायची होती. रीत त्या सिद्धतेसाठी काढलेली होती. १९७२ साली डेव्हिड फॉर्नी यांनी तीच रीत प्रतिध्वनीच्या प्रश्नाला लागू केली.

रीत आपल्या एसटीच्या प्रवासासारखी आहे. पुण्याहून नागपूरला जायचंय. छत्रपती संभाजीनगरपर्यंत पोचायचे समजा पाच रस्ते आहेत. त्यांतला सगळ्यात लवकर पोचवणारा एक ठेवा आणि बाकीचे चार कायमचे विसरा, कारण पुढे नागपूरपर्यंत काहीही झालं तरी त्या चारांतला एकही जिंकणार नाही. जीएसएममध्ये प्रतिध्वनी साधारण चार बिट मागे जातो, म्हणून मागच्या चार बिटांच्या १६ शक्यता, म्हणजे प्रत्येक मुक्कामावर १६ गावं. प्रत्येक गावात दोन रस्ते येतात. बेरीज करा, तुलना करा, एक ठेवा. ११४ मुक्काम झाले की काम संपलं. आणि यात काही हरवत नाही. दोनाच्या ११४व्या घाताइतके सगळे क्रम तपासून जे उत्तर आलं असतं, तेच हे उत्तर.

हे मी मुद्दाम ठासून सांगतो. ‘कमी आकडेमोड’ म्हटलं की लोकांना वाटतं, कुठेतरी मापात पाप आहे. काही वेळा असतं, त्याकडे येतो. पण कित्येकदा आधीचा माणूस एकच गोष्ट दहादा मोजत होता, एवढंच असतं.

अर्थात परिस्थिती सतत बदलत असेल तर दर वेळी नव्याने समीकरणं कोण सोडवणार? त्याचं उत्तर १९५९ साली स्टॅनफर्डमध्ये सापडलं. बर्नार्ड विड्रो हे तरुण प्राध्यापक आणि टेड हॉफ हा त्यांच्याकडे नुकता आलेला विद्यार्थी. विड्रोंनी नंतर सांगितल्याप्रमाणे शुक्रवारची दुपार होती, दोघं फळ्यासमोर उभे होते, आणि बोलता बोलता सूत्र उतरलं. मग समोरच्या खोलीतल्या अॅनालॉग संगणकावर ते लगेच चालवूनही पाहिलं. सूत्र भाजीवालीच्या तागडीसारखं आहे. तागडी झुकली तर थोडं घाला, उलटी झुकली तर थोडं काढा. नेमकं किती घालायचं याचा मोठा हिशोब मांडायचा नाही. आत्ताची चूक, आत्ताची आवक आणि एक छोटा आकडा यांचा गुणाकार, तेवढीच दुरुस्ती. प्रतिध्वनी गाळणाऱ्या फिल्टरला शंभर कप्पे, म्हणजे जुळवायचे शंभर आकडे, असतील तर दर वेळी साधारण दोनशे गुणाकार लागतात. याच कामाची काटेकोर रीत दर वेळी कप्प्यांच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे दहा हजारांच्या घरात गुणाकार मागते. ती लवकर स्थिरावते हे खरं, तागडीवाली रीत डुलत डुलत पोचते. पण पोचते.

यातही कंजुषी करता येते. तागडी किती झुकली ते बघायचंच नाही, फक्त कुठल्या बाजूला झुकली ते बघायचं. चुकीचं चिन्ह आणि आवकेचं चिन्ह. मग गुणाकार उरतच नाही. हे प्रयोगशाळेतलं खेळणं नव्हतं बरं का; टेलिफोनचा आवाज ३२ किलोबिटांत बसवण्याचं जे आंतरराष्ट्रीय मानक १९८०च्या दशकात झालं, त्यात ही चिन्हांचीच रीत वापरली होती. दोन्ही टोकांना तीच दुरुस्ती जशीच्या तशी व्हायला हवी होती, आणि चिन्हाच्या बाबतीत मतभेद होत नाहीत.

(टेड हॉफ पुढे इंटेलमध्ये गेले आणि १९७१च्या पहिल्या मायक्रोप्रोसेसरमागच्या कल्पनाकारांपैकी एक झाले. त्या चिपमध्ये सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. कमी सामानात भागवायची सवय माणसाला सोडत नसावी.)

आता पुण्याकडे येतो. थॉमस कैलथ यांचा जन्म १९३५ साली पुण्यात, एका मल्याळी कुटुंबात झाला. इथल्याच सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातून, आपल्या सीओईपीतून, १९५६ साली ते टेलिकम्युनिकेशनचे इंजिनिअर झाले, पुढे एमआयटीत आणि मग स्टॅनफर्डला गेले. त्यांचं एक काम मला या सगळ्या विषयाचं मर्म वाटतं, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो.

प्रतिध्वनी सोडवायला किंवा गोंगाटातून संदेश गाळायला समीकरणं मांडली, की आकड्यांचा एक चौरस तक्ता तयार होतो. शंभर समीकरणं असतील तर शंभर ओळी, शंभर रकाने. शाळेत शिकलेल्या रीतीने, एकेक अज्ञात काढून टाकत तो सोडवायचा तर गुणाकार शंभराच्या घनाच्या प्रमाणात वाढतात, म्हणजे दहा लाखांच्या घरात. पण हा तक्ता कुठूनही आलेला नसतो. तो काळाच्या एका ओळीतून आलेला असतो; म्हणून त्याची दुसरी ओळ म्हणजे पहिलीच ओळ एक घर उजवीकडे सरकलेली, तिसरी म्हणजे दुसरी एक घर सरकलेली. पंगतीत एकेक पाट सरकावा तशी. दहा हजार आकडे दिसतात खरे, पण त्यांतले वेगळे आकडे फार तर १९९. ज्याने हे पाहिलं नाही, त्याने एकच आकडा शंभर वेळा नवा समजून वापरला.

नॉर्मन लेव्हिन्सन यांनी हे पाहिलं होतं. नॉर्बर्ट वीनर यांचा युद्धकाळातला गाळणीचा सिद्धांत प्रत्यक्ष वापरता यावा म्हणून त्यांनी १९४७ साली एक रीत छापली, जिच्यात घनाऐवजी वर्ग लागतो. दहा लाखांच्या जागी दहा हजार. स्वतः मोठे गणिती असल्यामुळे असेल, त्यांनी त्या रीतीला गणिताच्या दृष्टीने क्षुल्लक म्हटलं. आज मोबाइलवर बोलताना तुमचा आवाज ज्या रीतीने आवळला जातो, तिच्या पोटात हीच क्षुल्लक गोष्ट दर सेकंदाला कित्येक वेळा चालते.

अडचण अशी, की प्रत्यक्षातले तक्ते इतके शिस्तीचे नसतात. दोन असे तक्ते गुणले की सरकण्याची शिस्त मोडते. उलट काढला की मोडते. मग काय, पुन्हा घन? कैलथ, मार्टिन मॉर्फ आणि सुन-युआन कुंग यांनी १९७९ साली विचारलं, की शिस्त मोडली ती किती मोडली? तक्ता एक पायरी तिरपा सरकवा आणि मूळ तक्त्यातून वजा करा. शिस्तीचा असेल तर पहिली ओळ आणि पहिला रकाना सोडून सगळं शून्य. थोडा बेशिस्त असेल तर उरलेल्या वजाबाकीत थोडं जास्त उरेल. हे जे उरतं त्याची ‘श्रेणी’, म्हणजे त्यातल्या स्वतंत्र ओळींची संख्या, मोजली, की बेशिस्तीचं माप मिळतं, आणि आकडेमोड त्या मापाच्याच प्रमाणात वाढते. घराला तडा गेला म्हणून घर पाडायची गरज नाही. तडा किती लांब आहे ते बघा आणि तेवढंच सिमेंट लावा.

हा विचार मला फार सुंदर वाटतो. पण खरं सांगायचं तर पुढे फोरजीच्या मोबाइलांनी याहून वेगळी वाट धरली. त्यांनी तक्ता हुशारीने सोडवण्याऐवजी तक्ताच बदलून टाकला.

वेगवान संदेशाचे हजारो बिट एकापाठोपाठ एक न पाठवता शेकडो संथ प्रवाहांत वाटून एकाच वेळी पाठवायचे, ही कल्पना बेल लॅब्जमध्ये रॉबर्ट चँग यांनी १९६६ साली मांडली होती. बिट संथ झाला, की घाटातला प्रतिध्वनी त्याच्यापुढे किरकोळ ठरतो. पण शेकडो प्रवाहांना शेकडो वेगळे ट्रान्समीटर कोण लावणार? १९७१ साली वाइनस्टाइन आणि एबर्ट यांनी दाखवलं, की त्यासाठी फूरिये रूपांतर, म्हणजे संदेशाची वेगवेगळ्या कंपनांत फोड करण्याचं गणित, पुरेसं आहे. आणि ते रूपांतर झटकन करण्याची कूली आणि टूकी यांची रीत १९६५पासून उपलब्ध होतीच. (ती गाउसने १८०५च्या सुमाराला लघुग्रहांच्या कक्षा काढताना वापरली होती हे नंतर कळलं. गाउसच्या बाबतीत असं होतंच.) तरी एक कटकट राहिली. मागच्या तुकड्याचा प्रतिध्वनी पुढच्या तुकड्यात घुसायचा आणि प्रवाह एकमेकांत मिसळायचे. १९८० साली पेलेड आणि रुइझ यांनी त्यावर तोडगा छापला : प्रत्येक तुकड्याच्या शेपटीची नक्कल काढून ती त्याच्या डोक्याला चिकटवा.

एवढंच. पण त्याने काय झालं बघा. शेपटी डोक्याला जोडल्यावर तुकड्याचं वर्तुळ झालं. मघाचा एकेक घर सरकणारा तक्ता आता चक्राकार झाला. उजवीकडून बाहेर पडलेला पाट डावीकडून पुन्हा पंगतीत येऊन बसतो. आणि चक्राकार तक्त्याचा गुण असा, की फूरिये रूपांतर केलं की तो पूर्ण सुटा होतो. घाटातले सगळे प्रतिध्वनी मिळून प्रत्येक प्रवाहावर फक्त एका आकड्याचा परिणाम उरतो. म्हणजे प्रत्येक प्रवाहाला एक भागाकार केला की घाट संपला.

आपल्या फोरजीचे आकडे घेऊ. २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात १,२०० प्रवाह असतात आणि २,०४८ बिंदूंचं रूपांतर करतात. सरळ गुणाकार केला तर एका तुकड्याला ४१,९४,३०४ गुणाकार; झटपट रीतीने ११,२६४. सेकंदाला असे १४,००० तुकडे येतात. सरळ रीतीने सेकंदाला सुमारे ५,८७२ कोटी गुणाकार, झटपट रीतीने १५.८ कोटी. पहिली गोष्ट खिशातल्या फोनला झेपणारी नाही. दुसरी सहज झेपते.

याची किंमत मोजावी लागते. चिकटवलेली शेपटी म्हणजे दुसऱ्यांदा पाठवलेला माल, नवीन काहीच नाही. साध्या मांडणीत ती सुमारे ४.७ मायक्रोसेकंदांची असते आणि एकूण वेळातला सुमारे ७ टक्के वेळ खाते. स्पेक्ट्रम लिलावात हजारो कोटी रुपयांना विकत घ्यायचा आणि त्यातला ७ टक्के वेळ जुन्या नकला पाठवण्यात घालवायचा! शुद्ध सिद्धांताच्या माणसाला हे बघवत नाही. मला ते शहाणपणाचं वाटतं. हवा थोडी सोडली आणि हिशोब विकत घेतला. आणि तो हिशोब कोट्यवधी फोनांच्या बॅटरीत रोज वाचतो.

आता मापातल्या पापाकडे. सरांची लॉगची टेबलं इथे परत येतात.

१९६० साली रॉबर्ट गॅलाजर यांनी एमआयटीतल्या प्रबंधात चुका सुधारण्याचे असे कोड मांडले, ज्यांत बिट आणि तपासण्या एकमेकांना ‘मला वाटतं हा बिट एक आहे, इतक्या खात्रीने’ असे निरोप पाठवत राहतात आणि हळूहळू एकमत होतं. त्या काळच्या यंत्रांना ते झेपण्यासारखं नव्हतं. सुमारे तीस वर्षं हे काम जवळजवळ पडून राहिलं. १९९०च्या दशकात मॅकाय आणि नील यांनी ते पुन्हा वर काढलं आणि आज फाइव्हजीचा सगळा डेटा याच कोडांतून जातो. खात्रीचे निरोप म्हणजे शक्यता, आणि शक्यतांचे गुणाकार करावे लागतात. लॉग घेतला की गुणाकाराची बेरीज होते, हे सरांनी आम्हाला दुसऱ्याच दिवशी शिकवलं होतं. पण मध्येच शक्यतांची बेरीज आली की लॉग अडतो. तेव्हा इंजिनिअर काय करतात? दोन आकड्यांतला मोठा घेतात आणि पुढे जातात. यात चूक होते, पण ती कधीही ०.६९३ पेक्षा जास्त होत नाही, आणि दोन आकड्यांत अंतर पडलं की झपाट्याने नाहीशी होते. हवं तर त्या चुकीसाठी आठ आकड्यांचा एक तक्ता ठेवायचा. सरांचं लॉग टेबल आता आठ आकड्यांचं झालंय एवढाच फरक.

गॅलाजरच्या कोडांत याचाच भाऊ आहे : सगळ्या निरोपांतला सगळ्यात डळमळीत निरोप घ्यायचा आणि बाकीच्यांची फक्त चिन्हं. कमिटीत सगळ्यात कमी खात्री असलेल्या माणसाइतकीच कमिटीची खात्री. यामुळे आत्मविश्वास थोडा फुगतो, म्हणून निकाल ०.७५ने गुणतात. ०.७५च का? कारण पाऊण म्हणजे अर्धा अधिक पाव, आणि बायनरीत अर्धा म्हणजे एक घर सरकवणं, पाव म्हणजे दोन घरं. पुन्हा सरकवणंच. यात जे गमावलं जातं ते डेसिबलच्या एखाद्या दशांशाच्या आसपास, आणि ते मोजून गमावलेलं असतं.

मोजून, हा शब्द महत्त्वाचा. मी स्वतः एकदा न मोजता काटकसर केली. एका कंपनीसाठी टॉवरच्या रिसीव्हरचं काम होतं. संगणकावर माझं सगळं सुरेख चालत होतं, दशांशाच्या पुढे पंधरा आकडे. चिपवर सोळा बिटांत उतरवलं आणि गर्दी वाढताच आकडे भांड्याबाहेर उतू गेले. मी वेळ वाचवायला तक्त्याचा उलट थेट काढला होता आणि तो किती नाजूक आहे हे तपासलंच नव्हतं. माझ्याबरोबरच्या मुलीने, वयाने माझ्या निम्मी, तो उलट काढणंच टाळलं आणि एका दुपारी काम संपवलं. मी तिला सरांचं नाव सांगितलं नाही; तिला गरज नव्हती.

आणि सरांच्याच स्मृतिदिनी सरांच्या प्रश्नात एक खोट काढायची मुभा घेतो. गुणाकार मोजणं आता पुरेसं नाही. स्टॅनफर्डचे मार्क होरोविट्झ यांनी २०१४ साली एक हिशोब मांडला. ४५ नॅनोमीटरच्या चिपवर ३२ बिटांच्या बेरजेला सुमारे ०.१ पिकोज्यूल ऊर्जा लागते आणि गुणाकाराला ३.१. म्हणजे गुणाकार तीस पट महाग, सर बरोबर. पण तोच आकडा चिपबाहेरच्या मेमरीतून आणायचा तर १,३०० ते २,६०० पिकोज्यूल. गुणाकाराच्या चारशे ते आठशे पट. बाजारातून भाजी आणायला रिक्षाचे चारशे रुपये आणि चिरायला एक रुपया, अशी गत. आजही कित्येक शोधनिबंध ‘आमची रीत कमी आकडेमोडीची’ असं म्हणत गुणाकारांचा तक्ता देतात आणि मेमरीबद्दल अवाक्षर काढत नाहीत. असे निबंध तपासायला आले की मी समासात लाल शाईत लिहितो : ‘किती वेळा मेमरीत?’

मानक ठरवणाऱ्यांना हे कळलं आहे. फोरजीत बिटांची सरमिसळ ज्या सूत्राने करतात ते असं निवडलं, की एकाच वेळी काम करणारे अनेक डिकोडर एकाच मेमरीच्या दारात एकदम येऊन धडकत नाहीत. फाइव्हजीच्या गॅलाजर कोडचा अवाढव्य तक्ता तर ४६ ओळी आणि ६८ रकान्यांच्या एका छोट्या तक्त्यातून उभा राहतो. त्या छोट्या तक्त्यातल्या प्रत्येक भरलेल्या घराच्या जागी एक चौरस बसतो, आणि त्या चौरसात एकाच्या पुढे एक सरकलेले आकडे. पंगत इथेही आहे.

लोणावळ्याबद्दल बोलताना एक गोष्ट राहिली. तिथल्या नौदलाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात १९६०च्या दशकात आरोग्यस्वामी पॉलराज नावाचा तरुण अधिकारी शिकत होता. त्याने पुढे नौदलासाठी सोनार बनवलं, निवृत्तीनंतर स्टॅनफर्ड गाठलं आणि तिथे कैलथ यांच्याबरोबर अनेक अँटेनांनी एकाच पट्ट्यात अनेक प्रवाह पाठवण्याचं पेटंट घेतलं. १९९४ साली ते मिळालं. पुण्याचा आणि लोणावळ्याचा माणूस कॅलिफोर्नियात एका फळ्यासमोर!

या कल्पनेत प्रतिध्वनी शत्रू राहत नाहीत, उलट हवेच असतात. प्रत्येक प्रवाह वेगळ्या डोंगरावरून यावा. पण आकडेमोड अंगावर येते. चार अँटेना, प्रत्येकीवर ६४ शक्यता, म्हणजे एका क्षणी १,६७,७७,२१६ जोड्या. सगळ्या तपासणं अशक्य, म्हणून कुणी सरळ तक्ता उलटवतं, कुणी उत्तराच्या आसपासच्या गोलातच शोधतं. १९९८ साली सियावश अलामूती यांनी दोन अँटेनांपुरता इतका सोपा मार्ग दाखवला, की रिसीव्हर मोजक्या गुणाकार-बेरजांत मोकळा. पण चार अँटेनांना तोच मार्ग पूर्ण वेगाने लागू होत नाही हे वर्षभरात सिद्धही झालं. मग थॉमस मार्झेटा यांनी २०१० साली उलटच सांगितलं : टॉवरवरच्या अँटेना इतक्या वाढवा की प्रत्येक फोनचा ठसा इतरांपासून आपोआप वेगळा पडेल. ६४ अँटेना आणि मोजके फोन असले, की तक्ता कर्णावरच जड होतो आणि त्याचा उलट थोडक्यात काढता येतो. गर्दी वाढवून हिशोब सोपा करायचा, ही गोष्ट मला अजून पूर्ण पचलेली नाही. दोन फोन एकाच बाकावर शेजारी बसले की हे गणित कोसळतं, आणि लोक तर शेजारी शेजारीच बसतात.

शेवटी सगळ्यात स्वस्त गोष्ट सांगतो. पाण्याच्या मीटरसाठी, शेतातल्या ओलाव्याच्या यंत्रासाठी २०१६ साली एक अरुंद पट्ट्याचं मानक आलं, १८० किलोहर्ट्झचं. एका बॅटरीवर दहा वर्षं चालावं ही अपेक्षा. त्यात टॉवरकडून मीटरकडे येणाऱ्या संदेशाला फोरजीतला भारी कोड न वापरता साधा जुना कोड वापरला आहे, कारण मीटरला सोडवायला सोपा. आणि सिग्नल तळघरात पोचत नसेल तर काय? तोच संदेश पुन्हा पाठवायचा, गरज पडली तर २,०४८ वेळा. पलीकडच्या डोंगरावरच्या माणसाला हाक मारावी तसं. दर दुपटीला तीन डेसिबल; अकरा दुपटींना, कागदावर, ३३ डेसिबल.

कागदावर, कारण आलेले २,०४८ संदेश एकमेकांवर रचायचे तर त्यांची कला, म्हणजे फेज, जुळायला हवी; एक वर असताना दुसरा खाली असेल तर बेरीज शून्य होईल. स्वस्त मीटरमधल्या घड्याळाचा स्फटिक तापमानाने सरकतो. आणि कला ओळखायची कशी, तर सिग्नल पाहून. तो तर गोंगाटात बुडालाय, म्हणूनच आपण २,०४८ वेळा ओरडतोय. सरांनी इथे खडू खाली ठेवला असता आणि आमच्याकडे बघत राहिले असते. मीटरचे पैसे न वाढवता ती कला कशी जुळवायची यावर गेली काही वर्षं माझे दोन विद्यार्थी झटतायत, मागच्या रांगेत बसलेत. मी पाणी घेतो. या प्रश्नाचं पहिलं उत्तर त्यांनीच द्यावं.